जॅक कॉर्नवेलची तोफ: शौर्य आणि एक अपुरी ढाल

लंडनच्या लॅम्बेथ भागातल्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या दारातच 15 इंची व्यासाच्या दोन अजस्र नौदल तोफा आहेत. एक ‘रॅमिलीज’ या युद्धनौकेवरची, दुसरी ‘रेझोल्यूशन’वरची. येणारे-जाणारे त्यांच्यासमोर उभे राहून फोटो काढतात. याच संग्रहालयाने यांच्यापुढे अगदी लहान वाटणारी साडेपाच इंची एक तोफ जपली आहे. 31 मे 1916 रोजी ब्रिटिश आणि जर्मन आरमारांत उत्तर समुद्रात झालेल्या जटलंडच्या लढाईत ती ‘चेस्टर’ नावाच्या हलक्या क्रूझरच्या, म्हणजे मध्यम आकाराच्या वेगवान युद्धनौकेच्या, पुढच्या भागावर होती. तिच्यापाशी जॉन ट्रॅव्हर्स कॉर्नवेल, म्हणजेच जॅक, नावाचा 16 वर्षांचा मुलगा छातीत पोलादाचे तुकडे घुसलेले असताना हुकमाची वाट पाहत उभा राहिला. दोन दिवसांनी तो गेला आणि त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटनचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळालं.

ब्रिटनमध्ये शंभर वर्षं ही कथा शौर्यकथा म्हणून सांगितली गेली, आणि ती शौर्यकथा आहेच. पण या तोफेभोवतीची माणसं ज्या तऱ्हेने मेली ती पाहिली की दुसरीही एक गोष्ट समोर येते. ती आहे तोफेच्या ढालीची. माझ्या मते या दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्याशिवाय हे प्रकरण पुरं होत नाही.

सुरुवात ग्रीसपासून करावी लागते, कारण ही तोफ ब्रिटिश नौदलासाठी बनलेलीच नव्हती. 1912-13 च्या बाल्कन युद्धांनंतर ग्रीस आणि ऑटोमन तुर्कस्तान यांच्यात एजियन समुद्रावरच्या वर्चस्वासाठी आरमाराची चढाओढ लागली होती. दोघंही मोठमोठी जहाजं परदेशी कारखान्यांकडून बांधून घेत होते. ग्रीसने बर्कनहेडच्या कॅमेल लेअर्ड गोदीकडे दोन हलक्या क्रूझर मागवल्या आणि त्यांच्या तोफा बनवण्याचं काम कॉव्हेंट्री ऑर्डनन्स वर्क्सकडे गेलं. त्या काळी ब्रिटिश क्रूझरवर सहा इंची तोफ असे. तिचा गोळा 100 पौंडांचा, म्हणजे 45 किलोंचा. ग्रीकांसाठी बनलेल्या साडेपाच इंची तोफेचा गोळा 82 पौंडांचा, सुमारे 37 किलोंचा होता. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. पण हलणाऱ्या, ओल्या डेकवर दर काही सेकंदांनी एक गोळा माणसाने हातांनी उचलून तोफेत सारायचा असेल, तर दर गोळ्यामागे कमी झालेले आठ किलो फार मोलाचे ठरतात.

ऑगस्ट 1914 मध्ये युद्ध पेटलं. तुर्कांसाठी इंग्लंडमध्ये बांधलेल्या दोन मोठ्या युद्धनौका ब्रिटनने ताब्यात घेतल्या. ग्रीकांच्या दोन क्रूझर 1915 च्या सुरुवातीला विकत घेतल्या. 18 व्या शतकात तुर्कांशी समुद्रावर लढलेल्या लाम्ब्रोस कात्सोनिसचं नाव जिला मिळायचं होतं, ती ‘चेस्टर’ झाली. तिच्या दहा साडेपाच इंची तोफा तिच्याबरोबरच ब्रिटिश नौदलात आल्या. परक्या मापाची ही तोफ नौदलाला इतकी पसंत पडली की पुढे ‘हूड’ या त्यांच्या सर्वांत नावाजलेल्या जहाजावर अशाच बारा तोफा चढवल्या गेल्या.

आता तोफेपाशी कोण काय करत असे ते पाहू, कारण जॅकची जागा कळली की पुढचं सगळं स्पष्ट होतं. नळी सुमारे सात मीटर लांब. मागून आट्यांचा दरवाजा उघडायचा, आधी गोळा सारायचा, मागोमाग दारूची थैली, मग दरवाजा बंद. एक जण चाक फिरवून तोफ डावी-उजवीकडे वळवी. दुसरा दुर्बिणीतून लक्ष्य धरून नळी वरखाली करी. लक्ष्य किती दूर आहे हे मात्र या दोघांपैकी कोणी ठरवत नसे. ते वर बसलेला तोफखान्याचा अधिकारी ठरवी आणि तारेवरून खाली कळवी. कानांना हेडफोन लावून तो आकडा ऐकणारा आणि त्याप्रमाणे नेमाच्या यंत्रावरची तबकडी फिरवून दुर्बीण आणि नळी यांच्यातला कोन बदलणारा माणूस म्हणजे साइट सेटर. जॅक कॉर्नवेल साइट सेटर होता. या कामाला ताकद लागत नाही. कान आणि हात शाबूत हवेत, मन एकाग्र हवं. म्हणून ते काम पोरांना देत. पण तो आकडा चुकला तर बाकीच्यांची सगळी मेहनत समुद्रात जाई.

तोफेला पुढून पोलादी ढाल होती. ती तोफेबरोबरच फिरे. मागून ती उघडी होती आणि खालून डेकपर्यंत पोचत नव्हती. समोरून थेट येणारी किरच, म्हणजे फुटलेल्या गोळ्याचा तुकडा, अडवायला ती ठीक होती. गोळा जवळपास डेकवर फुटला तर मात्र त्याच्या किरचा ढालीखालच्या फटीतून आडव्या आत येत, आणि मागे फुटला तर उघड्या बाजूने. त्या काळच्या अनेक हलक्या क्रूझरवर अशाच उघड्या ढाली होत्या, त्यामुळे हा एकट्या ‘चेस्टर’चा दोष नाही. वजन वाचवायचं, जहाज वेगवान ठेवायचं, तोफ झटपट फिरली पाहिजे, लोकांना गोळे घेऊन मागून ये-जा करता आली पाहिजे, असा तो सगळा हिशोब होता. त्या हिशोबात पायांचा विचार राहून गेला.

‘चेस्टर’ 2 मे 1916 ला सेवेत दाखल झाली. लढाई 31 मेला झाली. म्हणजे खलाशी एकमेकांना आणि जहाजाला जेमतेम ओळखू लागले होते. त्या दिवशी ती रिअर ॲडमिरल होरेस हूड यांच्या तिसऱ्या बॅटलक्रूझर (मोठ्या तोफांच्या वेगवान युद्धनौकांच्या) तुकडीबरोबर होती. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास धुरकट हवेत दूरवर तोफांचा आवाज ऐकू आला आणि कॅप्टन रॉबर्ट लॉसन यांनी काय चाललंय ते पाहायला जहाज त्या दिशेला वळवलं. धुक्यातून चार जर्मन क्रूझर पुढे आल्या: ‘फ्रँकफुर्ट’, ‘विस्बाडेन’, ‘पिलाऊ’ आणि ‘एल्बिंग’. प्रत्येकीवर 15 सेंटिमीटरच्या आठ तोफा. यातल्या ‘पिलाऊ’ आणि ‘एल्बिंग’ मुळात रशियासाठी बांधल्या जात होत्या आणि युद्ध सुरू होताच जर्मनीने त्या आपल्याकडे घेतल्या होत्या. ग्रीकांसाठी बांधलेल्या जहाजावर रशियनांसाठी बांधलेली जहाजं गोळे डागत होती, आणि दोन्हीकडे मरणारी पोरं या व्यवहारांपासून कोसो दूर होती.

चारांविरुद्ध एक. ‘चेस्टर’ने तोंड फिरवून हूड यांच्या मोठ्या जहाजांकडे धाव घेतली. लॉसन प्रत्येक गोळा पडला की तिकडेच जहाज वळवत, म्हणजे शत्रूने सुधारलेला पुढचा नेम चुकावा. तरीही जेमतेम वीस मिनिटांत तिच्यावर सतरा-अठरा गोळे बसले. शेवटी हूड यांच्या बॅटलक्रूझर धुक्यातून पुढे आल्या आणि पारडं फिरलं. ‘इन्व्हिन्सिबल’च्या माऱ्याने ‘विस्बाडेन’ जागीच खिळली. ती पुढे बुडाली तेव्हा तिच्यावरचा एकच माणूस वाचला. तासाभराच्या आत ‘इन्व्हिन्सिबल’ही दारूगोळ्याच्या कोठारासकट फुटली आणि हूड यांच्यासह हजाराहून अधिक माणसं गेली. वाचले सहा.

‘चेस्टर’ बुडाली नाही. बुडण्याच्या बेतातही आली नव्हती. तिच्या बाजूंना चिलखत होतं, इंजिनं सुरक्षित होती, वेग शाबूत होता. जहाज म्हणून तिचं नुकसान बेताचं होतं. पण वर डेकवर दहापैकी एकच तोफ चालू राहिली होती. 29 जण ठार झाले, 49 जखमी. आणि जखमींपैकी कितीतरी जणांचे पाय गेले होते, कोणाचा एक, कोणाचे दोन्ही. जवळून जाणाऱ्या ब्रिटिश जहाजांवरच्या खलाशांनी ‘चेस्टर’च्या डेकवर पाय तुटलेल्या माणसांना सिगारेट ओढत पडलेलं पाहिलं. ती माणसं त्यांना पाहून जयजयकार करत होती. काही तासांनी कळलं की त्यांतले बरेच रक्तस्रावाने गेले.

या प्रकरणातला सगळ्यात बोलका पुरावा हाच आहे. जहाजाचं पोट चिलखताने वाचलं. माणसं ढालीखालून येणाऱ्या किरचांनी मेली. जखमा कुठे झाल्या यावरूनच ढाल कुठे संपत होती ते कळतं.

जॅकच्या तोफेजवळ किमान चार गोळे फुटले. त्याच्या पुढच्या काही मिनिटांबद्दल दोन प्रकारचे वृत्तान्त आहेत आणि ते तंतोतंत जुळत नाहीत. लोकांत पसरलेली कथा अशी की तोफेवरचे सगळे मेले, एकटा जॅक उरला. ब्रिटिश बॅटलक्रूझर ताफ्याचे प्रमुख ॲडमिरल बीटी यांच्या अहवालात शब्द जरा वेगळे आहेत: भोवताली तोफेवरचे सहकारी मेलेले आणि जखमी पडलेले, आणि हा मुलगा लढाई सुरू होताच प्राणघातक जखमी होऊनही अत्यंत उघड्या जागी एकटा शांतपणे हुकमाची वाट पाहत उभा. तिसरा वृत्तान्त कॅप्टन लॉसन यांचा, त्यांनी जॅकच्या आईला लिहिलेल्या पत्रातला. दहाजणांपैकी दोघे सोडून बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले, असं ते लिहितात. आणि आणखी एक गोष्ट लिहितात: त्याची तोफ त्या वेळी शत्रूच्या दिशेला वळतच नव्हती. तरी आपली गरज पडेल असं त्याला वाटलं, आणि खरंच पडलीही असती, म्हणून तो तिथेच थांबला.

लॉसन यांचं हे पत्र मला तिन्हींत सर्वांत विश्वासार्ह वाटतं. आईला लिहिताना कोणीही अधिकारी गोष्ट रंगवून सांगेल. लॉसन यांनी मात्र कथेची शोभा कमी करणारे दोन तपशील लपवले नाहीत. दोन जण धडधाकट होते आणि तोफ गोळे डागू शकत नव्हती. यामुळे जॅकचं मोठेपण उणावत नाही, उलट त्याने नेमकं काय केलं ते कळतं. तो शत्रूवर चालून गेला नाही, त्याने कोणाला वाचवलं नाही, एकही गोळा डागला नाही. हेडफोनमधून पुढचा आकडा येईल आणि तो लावायला कोणीतरी जागेवर पाहिजे, एवढंच त्याने धरून ठेवलं. पाव तासाहून जास्त वेळ.

व्हिक्टोरिया क्रॉसच्या इतिहासात असं उदाहरण विरळा. आपल्याकडचं यशवंत घाडगे यांचं उदाहरण घ्या. माणगाव तालुक्यातला हा मराठा लाइट इन्फन्ट्रीचा नाईक 10 जुलै 1944 रोजी इटलीत लढत होता. तुकडीतले सोबती मशीनगनच्या माऱ्यात पडल्यावर तो एकटाच त्या ठाण्यावर धावून गेला, ते ठाणं त्याने घेतलं आणि तिथेच त्याला गोळी लागली. वय 22. माणगावात त्यांचा पुतळा आहे. सोबती पडल्यावर एकटं उरणं दोघांच्याही वाट्याला आलं. घाडगे यांच्यापुढे करण्यासारखं काही होतं आणि त्यांनी ते केलं. जॅकपुढे थांबण्याशिवाय काहीच नव्हतं. दोन्हींना एकच पदक मिळालं हे मला फार योग्य वाटतं.

हा मुलगा होता कोण? 8 जानेवारी 1900 चा जन्म, लंडनच्या पूर्वेला लेटन इथला. घर कष्टकऱ्यांचं. शाळा सोडल्यावर तो ब्रुक बाँडच्या गाडीवर माल पोचवायचं काम करी. होय, आपल्या स्वयंपाकघरातल्या चहाच्या पुड्यावर वर्षानुवर्षं असलेलंच ते नाव. बालवीर पथकात होता. जुलै 1915 मध्ये वडिलांची परवानगी न घेता तो नौदलात भरती झाला. भूदलात सैनिक म्हणून भरतीला 18 वर्षांची अट होती, पण नौदलात ‘बॉय’ म्हणून पंधरा-सोळाच्या मुलांना घेण्याची जुनी प्रथा होती आणि ती मुलं मोठ्यांबरोबर लढाईतल्या जहाजांवर जात. तेव्हा जॅक त्या डेकवर लपूनछपून पोचला नव्हता. नौदलाने त्याला नियमानुसार तिथे उभं केलं होतं. ढालीइतकाच हाही त्या यंत्रणेचा भाग होता आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही.

‘चेस्टर’ इमिंगहॅम बंदराला लागली. जॅकला ग्रिम्सबीच्या रुग्णालयात नेलं. 2 जूनला सकाळी, आई पोचण्याआधी, तो गेला. मॅनर पार्कच्या दफनभूमीत त्याला सामायिक कबरीत पुरलं. घरच्यांना स्वतंत्र जागा परवडणारी नव्हती. जुलैच्या सुरुवातीला लढाईचा अधिकृत अहवाल छापून आला, त्यात बीटी यांनी त्याचं नाव घेतलं होतं. वर्तमानपत्रांनी हा वीर सामायिक कबरीत पडल्याचं शोधून काढलं आणि गहजब उडाला. 29 जुलैला त्याला उकरून काढून पुन्हा, या वेळी पूर्ण लष्करी इतमामात, मिरवणुकीने पुरण्यात आलं. 15 सप्टेंबरला पदक जाहीर झालं. शाळाशाळांतून ‘कॉर्नवेल दिन’ पाळला गेला. फ्रँक सॅलिस्बरी या चित्रकाराने त्याचं मोठं चित्र काढलं, त्यासाठी समोर उभा राहिला जॅकचा भाऊ अर्नेस्ट.

घराची कहाणी मात्र वेगळीच चालली होती. वडील एलाय हेही सैन्यात होते. ते त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आजाराने वारले आणि मुलाच्याच कबरीत विसावले. नोव्हेंबरात आईने बकिंगहॅम राजवाड्यात राजा पाचव्या जॉर्जच्या हातून पदक घेतलं, तेव्हा ती विधवा होती. सावत्र भाऊ आर्थर 1918 मध्ये फ्रान्समध्ये पडला. आई 1919 मध्ये वारली, गरिबीतच. मुलाच्या नावाने देशभर निधी गोळा होत असताना घराची ही दशा होती, हे वाचून मला आजही राग येतो.

आता तोफ वाचली कशी? कोणतीही तोफ आपोआप संग्रहालयात पोचत नाही. हजारो तोफांपैकी जिच्या मागे सांगण्यासारखं काही असतं ती उरते, बाकीच्या वितळवल्या जातात. इम्पीरियल वॉर म्युझियमकडेच ‘लान्स’ या विनाशिकेवरची चार इंची तोफ आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनने समुद्रावर डागलेला पहिला गोळा, 5 ऑगस्ट 1914 रोजी, तिचा. म्हणून ती राखली. कॉर्नवेलच्या तोफेचं राखलं जाणं याच्या बरोबर उलट आहे, कारण तिची कीर्ती ती गप्प होती त्या मिनिटांची आहे.

‘चेस्टर’ नशिबवान ठरली नाही. युद्ध संपल्यावर ती परत ग्रीसला देऊ केली, पण ग्रीसने घेतली नाही. 1921 मध्ये ती भंगारात विकली गेली. तिचा लढाईतला ध्वज चेस्टर शहराच्या कॅथेड्रलमध्ये आहे. ज्या दिवशी ती मोडीत निघाली त्या दिवसापासून जटलंडच्या त्या वीस मिनिटांचा हात लावून पाहता येईल असा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे ही एक तोफ.

आणि म्हणूनच तिच्याजवळचं निवेदन जपून लिहायला हवं. बहुतेक ठिकाणी ही तोफ फक्त जॅकची म्हणून ओळखली जाते. माझं म्हणणं असं की तिच्या ओळखीत तीन गोष्टी यायलाच हव्यात. त्या लढाईत ‘चेस्टर’वरचे 29 जण गेले, जॅक एकटा नव्हता. ढाल डेकपर्यंत नव्हती, त्यामुळे जखमा पायांना झाल्या. आणि लॉसन यांचं ते वाक्य, की तोफ शत्रूकडे वळत नव्हती. शाळकरी मुलांना घेऊन जाणाऱ्या शिक्षकांनी तरी मुलांना साइट सेटरच्या जागेपाशी थांबवून विचारावं: इथे उभं राहिलं तर समोरून, मागून आणि खालून काय काय येऊ शकतं? जॅक तेव्हा त्यांच्याहून फार मोठा नव्हता. उत्तर मुलं स्वतः देतील.

याच जातीच्या तोफांचा पुढचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. ‘हूड’वरच्या बारा तोफा 1940 पर्यंत डागडुजीच्या वेळी काढून घेतल्या गेल्या. पुढच्या वर्षी, 24 मे 1941 ला, ‘हूड’ जर्मन ‘बिस्मार्क’शी लढताना फुटली. 1,418 पैकी तिघे वाचले. काढून घेतलेल्या तोफांपैकी दोन दक्षिण अटलांटिकमधल्या असेन्शन बेटाच्या संरक्षणासाठी तिथल्या टेकडीवर बसवल्या होत्या. 9 डिसेंबर 1941 रोजी ‘यू-124’ ही जर्मन पाणबुडी बेटाजवळ पृष्ठभागावर आली, तेव्हा त्यांनी तिच्यावर गोळे डागून तिला पाण्याखाली जायला लावलं. त्या दोघी अजून त्या बेटावर आहेत.